ड्रुइडाचा कोयता

ईश्वरदास पराते ड्रुइड आहेत असं कुणाला सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे नेमकं कोणत्या खात्यात?" विचारणाऱ्याचा दोष नाही. ईश्वरदासांची उभी नोकरी वीज खात्यात लाइनमन म्हणून गेली. आमच्या सक्करदऱ्यात अजूनही कुणाच्या घरचा फ्यूज उडाला की पहिली हाक त्यांनाच जाते, आणि अंगात पांढरा झगा असला तरी तो गुडघ्यापर्यंत खोचून ते खांबाकडे निघतात. ड्रुइड म्हणजे काय ते मीच सांगून टाकते. ते स्वतः सांगायला बसले की चहा तीनदा गरम करावा लागतो.

फार पूर्वी इंग्लंड-आयर्लंडकडे झाडांच्या राईत बसून पूजा, न्यायनिवाडा, कवित्व असं सगळंच बघणारे पुजारी होते. त्यांना ड्रुइड म्हणत. त्यांनी लिहून काही ठेवलं नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल छातीठोकपणे सांगावं असं फार थोडं आहे. अलीकडे, म्हणजे दोन-तीनशे वर्षांपूर्वी, तिकडच्या काही हौशी लोकांना हे पुन्हा सुरू करावंसं वाटलं आणि त्यातून आजचे ड्रुइड झाले. यांचा एक ग्रंथ नाही, एक देव नाही, कशाची सक्ती नाही. झाडांना, ऋतूंना आणि पूर्वजांना मान द्यायचा, वर्षातून आठ सण करायचे, कविता म्हणणाऱ्याला मधेच उठवायचं नाही, एवढंच. त्यांच्या मंडळाला उपवन म्हणायचं. नागपूरचं उपवन सक्करदऱ्याच्या तलावाकाठी भरतं आणि आमचे ईश्वरदास त्याचे प्रमुख आहेत.

मी त्यांची शेजारीण, भिंतीला भिंत लागलेली. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. मी ड्रुइड वगैरे नाही. भाषांतर करायला म्हणून गेले आणि अडकले.

याची सुरुवात वेल्समध्ये झाली. त्यांचा मुलगा अंकुर तिकडे नोकरीला आहे. ईश्वरदास निवृत्त झाल्यावर त्यानं आईवडिलांना बोलावलं. त्यांच्या पत्नी कुसुमावती गेल्या नाहीत, कारण धाकट्या प्रणालीची फार्मसीची परीक्षा होती. ईश्वरदास एकटेच गेले आणि आठवडाभरात कंटाळले. त्या गावात विजेच्या सगळ्या तारा जमिनीखालून गेलेल्या. आयुष्यभर मान वर करून चाललेल्या माणसाला वर बघायला काही नाही म्हटल्यावर करमणार कसं!

जूनमधल्या एका सकाळी ते बागेत फिरायला गेले, तर दगडांच्या गोलात पांढऱ्या कपड्यांतली दहा-बारा माणसं गंभीर चेहऱ्यानं उभी. आपल्याकडचा माणूस याचा जो अर्थ काढील तोच त्यांनी काढला. डोक्यावरची टोपी काढली, हात जोडले आणि मयतीला उभे राहतात तसे एका बाजूला उभे राहिले. थोड्या वेळानं त्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईंजवळ जाऊन हळूच म्हणाले, "व्हेरी सॅड." त्या बाईंचं नाव ग्वेन. त्या आधी चकित झाल्या आणि मग पोट धरून हसल्या. तो त्यांचा वर्षातला सर्वांत मोठ्या दिवसाचा आनंदाचा सण होता! या विधीत चारही दिशांना एकेक माणूस लागतो, आणि नेमका त्या दिवशी पश्चिम दिशेला उभा राहणारा माणूस आजारी होता. ग्वेनबाईंनी ईश्वरदासांना दंडाला धरून पश्चिमेला उभं केलं. त्यांच्या ड्रुइड होण्यामागे याहून मोठा साक्षात्कार नाही.

पण पुढचं मात्र त्यांनी मला चेष्टेत कधी सांगितलं नाही. विधी संपल्यावर ग्वेनबाई एका जुन्या ओकच्या बुंध्यावर हात ठेवून कितीतरी वेळ गप्प उभ्या होत्या. ईश्वरदासांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, काय मागितलं? बाई म्हणाल्या, मागितलं काहीच नाही, तू कसा आहेस एवढं विचारलं.

"मॅडम, आपल्या इथं बी लोक झाडाले हात जोडतात," ईश्वरदास मला म्हणाले. "पण काई ना काई मागतात. कोणी नवरा मागते, कोणी नोकरी मागते. मी तं मागत बी नव्हतो, सरळ कापत होतो. दर मे महिन्यात. थ्या बाईनं झाडाले इचारलं, कसा आहे गा तू? मले एकदम कसंतरीच झालं."

पावसाळ्यापूर्वी तारांना लागणाऱ्या फांद्या छाटायच्या, हे लाइनमनचं ठरलेलं काम. ईश्वरदास त्यात पटाईत होते. साहेब लोक त्यांचंच नाव घ्यायचे, कारण ते कुणाचं ऐकून घेत नसत. नगरसेवकाचा गुलमोहर असो की देवळाचा पिंपळ, तारेला लागला की छाटला. निवृत्तीच्या दिवशी शाल आणि नारळ घेताना त्यांनी आपला जुना कोयताही मागून घेतला होता. पुढे तो कोयताच उपवनात कामाला आला.

वेल्सहून आले ते ग्वेनबाईंच्या मंडळाचा टपाली अभ्यासक्रम घेऊनच. टपाली म्हणजे ईमेलनं येणारा. इंग्रजी अवघड आणि अलंकारिक. ईश्वरदास प्रत्येक धडा छापून आणायचे, आणि त्यांच्या ओसरीवर बसून मी मराठीत सांगायची. कुसुमावती दाराच्या उंबऱ्याशी बसून कधी मेथी निवडत, कधी गहू पाखडत. आमच्याकडे पाहतही नसत. त्या उमरेडच्या विणकर घराण्यातल्या. मूळचं हे घरही त्यांच्या वडिलांचं, रामाजींचं. रामाजींनी याच ओसरीत माग लावला होता. एकुलती लेक, म्हणून लग्नानंतर ईश्वरदासच इथे राहायला आले. मला वाटायचं, या बाईला आमच्या ओक-बीक वृक्षांशी काय देणंघेणं! पण एकदा मी मधेच एक ओळ गाळली, तर दारातून आवाज आला, "मॅडम, मागच्या धड्यात तं अजून एक दिशा होती."

झगाही त्यांनीच शिवला. अभ्यासक्रमात जाड लोकरीचा लिहिला होता. नागपुरात लोकरीचा झगा घालून मे महिन्यातला सण केला असता तर प्रमुखांसकट उपवन दवाखान्यात भरती झालं असतं. कुसुमावतींनी पातळ सुती धोतराचा झगा शिवला आणि डोक्यावरच्या टोपीला आतून ओला रुमाल ठेवायला खिसा केला. ग्वेनबाईंना त्या खिशाचा फोटो पाठवला तर त्यांनी तो भिंतीवर लावला म्हणे.

अशा बऱ्याच गोष्टी जुळवून घ्याव्या लागल्या. तिकडे थंडीतल्या सणाला सूर्याला परत ये, परत ये म्हणून विनवतात. आम्ही डिसेंबरात स्वेटर घालून संत्री खातो. सूर्याला विनवायची वेळ येते ती जूनमध्ये, आणि तेव्हा विनवणी अशी की, बाबा, आता जरा पुरे कर. तिकडे ओकवर वाढणारं एक बांडगूळ फार पवित्र मानतात. आमच्या उपवनातला चेतन, ज्याची कळमन्यात संत्र्यांची अडत आहे, त्यानं एका शेतकऱ्याच्या आंब्यावरचं बांडगूळ शोधून काढलं. ईश्वरदास मोठ्या भक्तीनं तिथे गेले, हात जोडले, आणि वर पाहतात तर अर्धा आंबा वाळलेला! त्यांनी झगा खोचला, झाडावर चढले आणि सगळं बांडगूळ छाटून खाली उतरले. "ग्वेनबाईचं थे तिथं चांगलं असन," म्हणाले, "इथं आपला आंबा मरून राहिला."

लोकांनाही समजायला वेळ लागला. पांढरा झगा आणि पिकलेली दाढी पाहून पार्वतीबाई नावाच्या एक आजी गुडघ्यासाठी अंगारा मागायला आल्या. ईश्वरदास म्हणाले, "अंगारा नाही देत मी. कोपऱ्यावरच्या उंबराले रोज एक गुंड भरून पानी नेऊन टाका." आजींनी नेमानं नेलं. चालण्यानं म्हणा की कशानं, गुडघा थोडा सैल झाला, आणि मग पुढचे सहा महिने आमच्या दारात गुडघ्यांची रांग! कुणीही रिकाम्या हातानं जायचं नाही. प्रत्येकाला एक झाड मिळायचं.

त्यांचं खरं स्वतःचं काम म्हणजे माफीची फेरी. ही वेल्समध्ये नाही, कोणत्या धड्यातही नाही. दर मे महिन्यात, ज्या दिवसांत पूर्वी छाटणी चालायची त्याच दिवसांत, आम्ही चेतनच्या टेम्पोत पाण्याचे कॅन भरून निघतो. सक्करदऱ्यापासून सदरपर्यंत, तिथून कळमन्यापर्यंत. ईश्वरदासांना प्रत्येक झाड आठवतं. ते बुंध्यावर हात ठेवतात, "कसा आहे गा? माफ कर," म्हणतात आणि पाणी घालतात. पहिल्या वर्षी मला लाज वाटली होती, भर रस्त्यात लोक पाहत होते. दुसऱ्या वर्षी मीच कॅन उचलला.

फेरी निघण्यापूर्वी, त्यांच्याच ओसरीवर चहा पिताना, ते एक गोष्ट दरवर्षी सांगत. "मी कापलं, पण दुजाभाव नाही केला. सुरुवात माझ्या सोताच्या घरापासून केली होती. दारासमोर मोठा कडूलिंब होता. सगळ्यात आधी थो तोडला. म्हणून मंग मले कोणी बोट नाही दाखवू शकलं." आम्ही सगळे माना डोलवत असू. असा सचोटीचा माणूस आपला प्रमुख आहे याचा अभिमानच वाटायचा. कुसुमावती कप गोळा करून आत जात.

आता कोयत्याचं. ग्वेनबाईंकडे विधीच्या सुरुवातीला एक तलवार म्यानातून अर्धी बाहेर काढतात आणि जमलेल्यांना विचारतात, शांती आहे का? सगळे म्हणतात, आहे. असं तीनदा. मग तलवार पुन्हा आत जाते आणि पुढचं काम सुरू होतं. तलवार कुठून आणायची? ईश्वरदासांनी आपला कोयता काढला. कुसुमावतींनी त्याला जाड पट्टीची खोळ शिवून दिली, तोंडाशी बंद लावून. या रिवाजावर ईश्वरदासांचा भारी जीव. "हे नुसतं म्हनाचं नाही," ते प्रत्येक नव्या माणसाला बजावत. "गोलातल्या एका बी माणसानं नाही म्हटलं, मंग थो कोणी का असंना, तं कोयता अंदर जात नाही. काम थांबलं मंजे थांबलं."

इतक्या वर्षांत कुणी नाही म्हटलं नव्हतं. आम्ही तर हजेरी द्यावी तसे आहे, आहे, आहे करून मोकळे व्हायचो.

मग प्रणालीचं लग्न ठरलं. मुलगा ऋषिकेश, काटोलकडच्या शेतकरी घरातला, तिच्याबरोबरच औषध कंपनीत. दोघांनी एकमेकांना पसंत करून मग घरच्यांना कळवलं होतं. लग्न संध्याकाळी हॉलमध्ये, रीतसर, अंतरपाट-मंगलाष्टकांसकट. पण प्रणालीनं एक अट घातली. त्या दिवशी सकाळी तलावाकाठी बाबांच्या हातून हात बांधायचे. ड्रुइडांच्यात नवरा-नवरीचे हात कापडाच्या पट्टीनं एकत्र बांधून आशीर्वाद देतात. "बाबानं साऱ्या दुनियेच्या झाडांले आशीर्वाद देला," ती म्हणाली. "मले बी पायजे. तो झाल्यावरच मी हॉलमध्ये येईन."

ऋषिकेशचे वडील महादेवराव कडक माणूस. ते येऊन ओसरीवर बसले, झग्याकडे आणि कोयत्याकडे आळीपाळीनं बघितलं आणि म्हणाले, "व्याही, पोरगी चांगली आहे, म्हणून आमी येतो. पण माया सगळा गोतावळा असन. तमाशा नाही पायजे."

ईश्वरदासांनी त्यांना शांतीच्या रिवाजाचं सगळं सांगितलं, अभिमानानं, कोयता अर्धा काढून दाखवत. महादेवरावांनी ऐकून घेतलं. "अन् कोणी नाही म्हटलं तं?"

"आजलोक, इतक्या वर्षांत, नाही म्हटलं कोणी," ईश्वरदास हसले.

महादेवराव गेल्यावर मात्र ईश्वरदास अस्वस्थ होते. मला म्हणाले, "मॅडम, लोकं मले बाबा म्हनून हसतात, हसू द्या. पण पोरीच्या सासरच्याईनं हसू नाही. तिले तिथं जनम काढाचा आहे." त्या सकाळचं काही बिनसलं असतं तर त्याचा त्रास पुढे प्रणालीला झाला असता, हे आम्हा सगळ्यांनाच कळत होतं.

मार्चमधली ती सकाळ, दिवस आणि रात्र सारखे असण्याचा सण. हवेत अजून गारवा होता. तलावाकाठच्या झाडांखाली आम्ही गोल केला. महादेवरावांचा गोतावळा एका बाजूला, नव्या कपड्यांत, हाताची घडी घालून. चेतननं संत्र्यांची पेटी आणली होती, त्यामुळे निदान लहान मुलं आमच्या बाजूनं होती. आणि पहिल्यांदाच कुसुमावती गोलात उभ्या होत्या. हातात एक लालसर काठ होता, रामाजींनी विणलेल्या शेवटच्या लुगड्याचा. लेकीचे हात त्यानं बांधायचे होते.

ईश्वरदासांनी कोयता अर्धा काढला. "शांती आहे का?"

"आहे!" आम्ही.

"शांती आहे का?"

"आहे!" आता महादेवरावांकडची दोन-चार मुलंही ओरडली.

"शांती आहे का?"

"आहे!" आणि तो गलका विरता विरता एक साधा आवाज आला. "नाही."

सगळ्यांनी माना वळवल्या. महादेवराव म्हणाले, "कोण म्हटलं?"

"मी," कुसुमावती म्हणाल्या.

ईश्वरदासांना आधी ती थट्टाच वाटली. "कुसुम, मस्करी नको करू वं. पाव्हणे आहेत."

"मस्करी नाही करून राहिली. तुमीच म्हणता ना, गोलातलं कोणी बी. मी आजलोक गोलात नव्हती, मले कोणी इचारलं नाही. आज इचारलं, तं सांगून राहिली."

चेतननं मध्यस्थी केली. "काकू, कार्यक्रम आटोपल्यावर बसू ना आपण..."

"नाही," प्रणाली म्हणाली. तिनं ऋषिकेशचा हात सोडला नव्हता. "थांबा. आईले बोलू द्या."

कुसुमावती मोठ्यानं बोलल्या नाहीत. मेथी निवडताना बोलायच्या तशाच बोलल्या. "घरासमोरचा लिंब माया बापानं लावला होता. पहाटेले मागाच्या सुताचा ताणा पसरवाचा तं एक टोक त्याले बांधाचं. मी लहान होती तवा त्याच्याच सावलीत खेळत होती. मंग लग्नानंतर एकदा मी उमरेडले मावशीकडं गेली, दोन दिवसांनी वापस आली तं घरात ऊन. झाड नाही. तुमी म्हटलं, सुरुवात घरापासून केली. मी पोळ्या केल्या. तुमी जेवले. मंग तिथं सिमेंट टाकलं, गाडी ठेवाले."

"पण वं, फांदी लागून राहिली होती तारेले..."

"फांदी लागत होती. झाड नाही."

ईश्वरदास हळूच म्हणाले, "लोकं म्हटले असते, सोताचं वाचवलं."

"लोकाईनं काई म्हटलं नाही. मी बी नाही म्हटलं. तुमी साऱ्या नागपूरची माफी मागून आले. टेम्पोत बसून कळमन्यापर्यंत गेले. दरवर्षी त्याच ओसरीवर बसून सांगता, झाड तोडलं म्हणून, अन् हे सगळे माना हलवतात. त्याची माफी कधीच नाही मागितली. काहून? तं थे उभंच नाही, हात कशाले लावता?"

मला तर कुठे बघावं कळेना. इतक्या वर्षांत ती गोष्ट मी कितीदा ऐकली, तिच्यात एक बाईमाणूस आहे हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

कोयता अजून अर्धा बाहेर होता. महादेवरावांनी घड्याळ पाहिलं, मग कोयत्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे निघून जाणार. ते म्हणाले, "व्याही, नियम तुमचाच आहे. हे अंदर जाते का बाहेर राहते?"

ईश्वरदासांचा चेहरा पार उतरला होता. विधी उरकून घ्या म्हणणं सोपं होतं. नवराबायकोचं भांडण म्हणून सगळ्यांनी सोडूनही दिलं असतं. पण ते म्हणाले, "बाहेर राहते. चला, घरी चला."

आणि मग नागपुरात क्वचितच निघाली असेल अशी वरात निघाली. पुढे स्कूटरवर झगा घातलेले ईश्वरदास, मागे अर्धा उघडा कोयता मांडीवर धरून बसलेला चेतन, त्यामागे नवरा-नवरी, व्याही-विहीण आणि संत्री खाणारी मुलं. चौकातल्या हवालदारानं कोयता पाहून हात वर केला. चेतन म्हणाला, "साहेब, लग्न आहे." हवालदारानं जाऊ दिलं.

घरी आल्यावर ईश्वरदासांनी झगा काढून खुंटीला लावला. बनियनवर बाहेर आले, घरातली जुनी सब्बल, म्हणजे पहार, घेतली आणि दारासमोरच्या सिमेंटवर घातली. पहिल्या काही घावांनी नुसता आवाज झाला. मग एक तडा गेला. घामानं निथळत ते घाव घालत राहिले. कुणालाही हात लावू देत नव्हते. महादेवराव थोडा वेळ बघत राहिले, पण जन्माचा शेतकरी, वाकडी खोदाई त्यांना कशी बघवणार! त्यांनी नवा सदरा काढून बायकोच्या हाती दिला. "प्रयाग, धर. अहो व्याही, असं नाही गा. माती तिरपी उचला." आणि दुसरी पहार घेऊन ते खड्ड्यात उतरले.

सिमेंटखाली काळी माती निघाली आणि मातीत बोटाएवढ्या जाड, वाळलेल्या मुळांचे तुकडे. ईश्वरदासांनी त्यातला एक उचलला आणि तिथेच बसले. त्यावर हात ठेवून म्हणाले, "माफ कर." ते कोणाला म्हणाले हे विचारायची गरज नव्हती, कारण म्हणताना ते बायकोकडे बघत होते.

"रोप कुठून आणाचं?" महादेवरावांनी विचारलं.

"आहे ना," प्रणाली म्हणाली आणि गच्चीवर धावली. रंगाच्या जुन्या डब्यात वाढवलेलं कडूलिंबाचं हातभर रोप घेऊन खाली आली. गच्चीवर कावळे लिंबोळ्या टाकतात, त्यातलं. "आई दरवर्षी लावते, अन् मोठं झालं की कोणाले तरी देऊन टाकते. इथं जागा नव्हती ना."

हे मला नवीन होतं, आणि ईश्वरदासांनाही. माझ्या बहिणीच्या दारातला लिंबही त्यातलाच; तो डबा मला कुसुमावतींनीच दिला होता. मी आपली समजत होते, शेजारधर्म.

रोप लागलं. माती दाबून झाल्यावर ईश्वरदासांनी सवयीनं मान वर केली. वर तार होतीच.

"तार तुमी पाहा," कुसुमावती म्हणाल्या.

"पाहतो. फांदी लागली तं फांदीच कापीन."

चेतननं कोयता त्यांच्या हाती दिला. आम्ही रोपाभोवती पुन्हा गोल केला, गल्लीतली चार घरंही येऊन मिळाली. ईश्वरदासांनी कोयता धरला आणि विचारायला तोंड उघडलं.

तेवढ्यात कुसुमावती पुढे झाल्या. त्यांनी नवऱ्याच्या मातीनं भरलेल्या हातातून कोयता घेतला, तसाच अर्धा उघडा धरला, आणि इतकी वर्षं ज्याला कुणी विचारलं नव्हतं त्यालाच विचारलं, "तुमाले आहे का शांती?"

"नव्हती वं," ईश्वरदास म्हणाले. "कापला तवापासून नव्हती. म्हणून तं गावभर फिरत होतो."

"अन् आता?"

त्यांनी रोपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "आता आहे."

कुसुमावतींनी कोयता खोळीत सरकवला, बंद बांधला, आणि कमरेला खोचलेला वडिलांच्या हातचा काठ काढून नवऱ्याच्या हाती दिला.

"मले बी आहे," त्या म्हणाल्या. "बांधा पोरीचे हात."